आम्ही हरवलो कधी होतो?

त्यांच्यावर माझा संशय होता, हे आधीच कबूल करून टाकतो. सहा वर्षं ते गृहस्थ रोज सकाळी माझ्या गाडीत बसून शारजाहून दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कला यायचे आणि सहा वर्षं मी त्यांच्याकडे आरशातून बघत होतो. आरशातून अशासाठी, की पुढच्या सीटवर ते कधी बसलेच नाहीत. मागे डावीकडे, खिडकीला टेकून, मांडीवर डब्यांची पिशवी.

"पुढे बसलं की ड्रायव्हरच्या चुकांत वाटा घ्यावा लागतो, पुणेकर," म्हणायचे.

एसीच्या हवेच्या जाळ्या बनवणाऱ्या एका अमेरिकन मालकीच्या कंपनीत मी ॲडमिनला असिस्टंट मॅनेजर. ते तिथे स्टोअरकीपर. मूळचे वेंगुर्ल्याचे. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना 'काका' म्हणायचो. ते मला 'पुणेकर' म्हणायचे आणि त्यांच्या तोंडी तो शब्द एखाद्या जुनाट आजाराच्या नावासारखा वाटायचा.

संशय होता तो डब्यांवरून. माणूस एकटा, काकू गावी, आणि पिशवीत डबे दोन. दुपारी साडेबाराला दोन्ही डबे घेऊन काका वेअरहाउसच्या मागच्या दाराने बाहेर पडायचे आणि सव्वाच्या सुमाराला मिशा पुसत परत यायचे. मागे होतं काय? माझ्या माहितीप्रमाणे ऊन आणि कंपाउंडची भिंत. ऑफिसात यावर दोन मतं होती. अकाउंट्सच्या बाई म्हणायच्या, मांजरांना घालतात. माझं मत असं, की दुसरा डबा ते विकतात. हे मत मी बायकोच्याही गळी उतरवायचा प्रयत्न केला.

"अहो, मग एकदा मागे जाऊन बघा की," ती म्हणाली.

"त्या उन्हात?"

विशेष म्हणजे काका मला रोज बोलवायचे. पार्किंगमध्ये गाडीतून उतरताना, न चुकता: "पुणेकर, दुपारी मागे ये जेवायला."

"इन्शाल्ला, काका."

इथल्या सोळा वर्षांत जी चार अरबी अक्षरं मी शिकलो, त्यांतलं हे सगळ्यात उपयोगी. मूळ अर्थ देवाच्या इच्छेवर सोडण्याचा आहे. मी मात्र समोरच्याला न दुखवता 'नाही' म्हणायला ते वापरायचो. मग दुपारी एसीखाली बसून, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून, घरची पोळीभाजी खायचो.

पण संशय घेण्यात मी त्यांच्यापुढे बच्चा होतो. हायपरमार्केटात मैद्याच्या पुड्यावर 'न्यू' असं लाल स्टिकर दिसलं, तर ते पुडा हातात धरून उभे राहायचे. "कुणाला नवीन?" सेल्समन बिचारा "सर, ऑफर है" म्हणायचा. काकांचं समाधान व्हायचं नाही.

स्टोअरमध्ये त्यांच्याकडे सापडलेल्या वस्तूंचं एक रजिस्टर होतं. कुणाला मेजरिंग टेप, हातमोजा, किल्ली असं काही मिळालं की तिथे जमा करायचं. त्यात कंपनीने छापलेला एक कॉलम होता, 'फाउंड बाय'. काकांनी प्रत्येक पानावर तो पेनने खोडून वर मराठीत लिहिलं होतं, 'कुठून उचललं'. मी एकदा ऐटीत एक पेनड्राइव्ह घेऊन गेलो.

"काका, हा सापडला."

"कुठे होता?"

"कॉन्फरन्स रूममध्ये, टेबलावर."

"टेबलावर होता म्हणजे कुणीतरी ठेवलेला होता. तू उचललास. सापडला कसला?" आणि खरोखरच माझ्या नावापुढे 'टेबलावरून उचलला' असं लिहून माझी सही घेतली. चोरीची कबुली दिल्यासारखी ती सही आजही त्या पानावर आहे.

आमच्या घरी ते महिन्यातून एखाद्या रविवारी जेवायला यायचे. एकदा बायकोने कोवळ्या फणसाची भाजी केली होती. काकांनी दोनदा वाढून घेतली आणि म्हणाले, "वहिनी, फर्स्टक्लास. कुणाकडे मिळाली?"

"मिळाली म्हणजे? माझी मी शोधून काढलीय."

"हो, पण शोधलीत तिथे आधी कुणी राहत होतं का?"

ती जी उठून आत गेली ती थेट कोशिंबीर घेऊनच बाहेर आली, आणि वाटी जरा जोरातच ठेवली. दोन दिवसांनी माझ्याकडे कबूल झाली, की चौथ्या मजल्यावरच्या मल्याळी ताईंनी लिफ्टमध्ये सांगितलेली कृती, फक्त मिरी थोडी कमी. "पण त्यांना कळलं कसं?" हे तिला अजून कोडं आहे.

हे वेड त्यांना लहानपणापासूनचं. चौथीत गुरुजींनी विचारलं, भारताचा शोध कुणी लावला? उत्तर एका पोर्तुगीज खलाशाचं नाव, ते आपण सगळ्यांनीच घोकलंय. काकांचा आजा मचवा घेऊन मस्कतपर्यंत जाऊन आलेला. नातवाने उभं राहून विचारलं, "गुरुजी, आम्ही हरवलो कधी होतो?"

वर्ग हसला, छड्या बसल्या. "दोन बसल्या," ते सांगायचे. "एक उत्तर चुकलं म्हणून आणि एक प्रश्न बरोबर होता म्हणून."

यावरून आमच्या लेकीशी त्यांचं जे झालं, ते सांगायलाच हवं. ती तेव्हा सातवीत. इथेच वाढलेली, मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. तिला शाळेत 'एक्स्प्लोरर्स'चा चार्ट करायचा होता आणि तिने तीन शिडांचं झकास जहाज काढलं होतं. काका चष्मा कपाळावर चढवून बघत बसले.

"हा कोण?"

"कोलंबस, अंकल. ही डिस्कव्हर्ड अमेरिका."

"तिथे कुणी नव्हतं?"

"देअर वेअर पीपल. बट ही वॉज द फर्स्ट!"

लेक झाडांना पाणी घालायला बाल्कनीत गेली, तेवढ्यात उठून काकांनी आपला रुमाल तिच्या अभ्यासाच्या खुर्चीवर पसरला, टूथपिकला कागद चिकटवून झेंडा केला, तो तिच्या खोडरबरात खोचला आणि खुर्चीत बसले. ती परत आली.

"अंकल, दॅट्स माय चेअर!"

"मी शोधली. आलो तेव्हा इथे कुणी नव्हतं."

"आय वॉज इन द बाल्कनी!"

"मला नाही दिसलीस."

"यू डिडन्ट लुक!" ती अक्षरशः किंचाळली.

"बरोब्बर," काका उठले आणि रुमाल झटकून खिशात ठेवला. "शोध लावायचा तर ती पहिली अट. बघायचं नाही."

लेकीने चार्ट बदलला. जहाज तेवढंच ठेवलं, पण किनाऱ्यावर माणसं काढली, जेवत बसलेली. शिवाय कुठेतरी वाचून काकांना सांगितलं, की अमेरिकेत आता बऱ्याच ठिकाणी कोलंबसच्या सुट्टीच्या दिवशी मूळ रहिवाशांचा दिवस पाळतात. मला वाटलं काका खूश होतील. कुठलं काय! "बोर्ड बदलला," ते म्हणाले. "जागा परत केली का, ते बघ जरा इंटरनेटवर."

ही सगळी गंमत मी मित्रांना रंगवून सांगायचो. गोष्ट काकांची आहे, आपली नाही, अशा थाटात.

मग गेल्याच्या गेल्या वर्षी आमच्याकडे थेट अमेरिकेहून नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना 'हबीबी' म्हणायला शिकला. अमेरिकेत ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी कोलंबस डे असतो, हेड ऑफिस बंद. आमचा त्या दिवसाशी संबंध एवढाच, की ईमेलला उत्तर येणार नाही हे लक्षात ठेवायचं. साहेबांनी मात्र जाहीर केलं, की आपण 'डिस्कव्हरी डे' साजरा करू. प्रत्येक डिपार्टमेंटने कंपनीतच लावलेला एखादा शोध सांगायचा. सगळ्यात चांगल्या शोधाला बक्षीस. मग केक.

मला केबिनमध्ये बोलवून ते वेगळं बोलले. कस्टमरसाठी कॉफी लाउंज करायचाय, जागा शोध. आणि ॲडमिनला आता पूर्ण मॅनेजर हवाच आहे. आता नऊ वर्षं असिस्टंट राहिलेल्या माणसाला यापुढे काही ऐकू येत नाही. घरी सांगितलं तर बायकोने पंधरा मिनिटांत पुण्याला सासूबाईंना फोन करून मला मॅनेजर करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी सर्व्हेला निघालो. ऊन उतरल्यावर, चार वाजता. वेअरहाउसच्या मागे पाहतो तर ऐसपैस मोकळी पट्टी! वर फाटकी हिरवी जाळी, खाली लाकडी पॅलेट, प्लॅस्टिकचे कापलेले ड्रम, भिंतीवर एक घड्याळ, कोपऱ्यात किटली. माणूस नाही. मी चार फोटो काढले आणि फॉर्म भरला. जागेची स्थिती: व्हेकंट. वापर कोण करतं: निल. सामान: स्क्रॅप, उचलावे. पहिल्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत टाकलं, 'ॲडमिन डिस्कव्हर्स!' साहेबांनी पाठ थोपटली. सोमवारी सकाळी ट्रक येऊन भंगार नेणार, चार वाजता प्रेझेंटेशन.

संध्याकाळी एमिरेट्स रोडवर नेहमीसारखा चक्का जाम. मला राहवेना, सांगून टाकलं. आरशात काका हलले नाहीत.

"किती वाजता गेला होतास?"

"चारला."

"बरं."

"बरं काय, काका? जागा नुसती पडून होती!"

"केक कशाचा आणणार आहेत?"

"मला काय माहीत?"

"विचारून ठेव. विचारायची सवय असावी माणसाला."

त्यानंतर तीन दिवस ते गाडीत एक शब्द बोलले नाहीत. फक्त उतरताना "दुपारी मागे ये जेवायला" तेवढं होतं, आणि माझं "इन्शाल्ला"ही होतं. यांच्या मनात काहीतरी शिजतंय, एवढा संशय मला आला. काय शिजतंय, ते बघायला काही मी गेलो नाही.

सोमवारी दहा वाजता सिक्युरिटीचा फोन. ट्रक गेटवर अडलाय. कंपनीतून कुठलाही माल बाहेर जायचा तर गेट पासवर स्टोअरकीपरची सही लागते, आणि स्टोअरकीपर सही देत नाहीत. मी धावत गेलो. काका खुर्ची टाकून गेटवरच बसले होते, मांडीवर फॉर्म.

"पुणेकर, इथे वापरणाऱ्याचं नाव लिहायचंय. तू 'निल' लिहिलंयस. निलला बोलव सही करायला."

"काका, कंपनीचे ड्रम आहेत ते!"

"ड्रम कंपनीचे. पुदिना कुणाचा?"

"कसला पुदिना?"

ते माझ्याकडे बघत राहिले. आरशातून नाही, समोरून. मग म्हणाले, "साडेबाराला ये. डबा आणू नकोस."

परत जागेवर येतो तर साहेबांचा मेसेज. दोन वाजेपर्यंत गेट पास झाला नाही, तर मला नवा स्टोअरकीपर बघावा लागेल. काका साठीच्या पुढचे. त्या वयात व्हिसा पुढे वाढवायचा की नाही, हे आमची कंपनी दर वर्षी नव्याने ठरवते, आणि त्या वर्षीचा कागद साहेबांच्या टेबलावर होता. मीच ठेवला होता. म्हणजे एकीकडे त्यांची नोकरी, दुसरीकडे माझं प्रमोशन, आणि मधे तो पुदिना, जो मी पाहिलाच नव्हता.

साडेबाराला मी पहिल्यांदा त्या मागच्या दाराने बाहेर पडलो.

जागा तीच. पण अकरा माणसं बसली होती. आमच्या पॅकिंगची सगळी शिफ्ट. सकाळी सहाला येतात, तीनला त्यांची बस सुटते. चारला तिथे कोण असणार? माझ्या स्क्रॅप ड्रमांत पुदिना, मिरच्या, कढीपत्ता. एसीचं गळणारं पाणी पाइपातून त्या ड्रमांत सोडलेलं. जिला मी फाटकी जाळी म्हटलं, तिच्यावर दोडक्याचा वेल चढला होता आणि त्याच्या सावलीत ती किटली उकळत होती. फोटोत हे सगळं होतं, बरं का. नंतर मोठं करून पाहिलं. दोडकासुद्धा आला होता.

पॅकिंगचे फोरमन खानसाब पेशावरकडचे. त्यांनी एक पॅलेट हाताने झाडून पुढे केलं. "आइए साब. आखिर आ ही गए!"

काकांनी दुसरा डबा उघडून माझ्यासमोर ठेवला. काळ्या वाटाण्याची उसळ.

"ये आपके नाम का डिब्बा है," खानसाब म्हणाले. "चाचा रोज लाते हैं कि आज पुणेकर आएगा. छह साल से हम खा रहे हैं."

"साब, रोज मत आना," पलीकडून कुणीतरी ओरडलं, "हमारा कम पड़ जाएगा!"

सगळे हसले. मीही हसलो. हा डबा ते विकतात, असं मी सहा वर्षं लोकांना सांगत होतो.

"काका, मी चारला जाऊन आलो म्हटल्यावर तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला विचारलंस?" ते पुदिना खुडत म्हणाले. "आणि यांची जागा. मला एकट्याला विचारून कसं भागलं असतं?"

"साब, हटाना है क्या?" खानसाबांनी हळूच विचारलं. त्यांना ट्रकचं कळलं होतं. "हटाना है तो एक हफ्ता दे दो. पौधे कमरे पे ले जाएँगे. वहाँ धूप नहीं है, लेकिन देखते हैं."

भांडले असते तर सोपं गेलं असतं.

दोन वाजता मी साहेबांना कळवलं, की गेट पासचं चार वाजता समक्ष सांगतो. चार वाजता कॉन्फरन्स रूममध्ये सगळे जमले. टेबलावर जहाजाच्या आकाराचा केक, तीन शिडांचा. मागच्या रांगेत काका, हाताची घडी घालून. मी उभा राहिलो आणि पडद्यावर आलं, 'ॲडमिन डिस्कव्हर्स!' एवढ्या गडबडीत स्लाइड बदलायचीच राहिली होती.

"सर, दिस प्लेस इज नॉट व्हेकंट," मी म्हणालो. आवाज चौथीतल्या मुलासारखा निघाला. "आय वेंट ॲट फोर. दे लीव्ह ॲट थ्री. इलेव्हन पीपल ईट देअर."

साहेब गोंधळले. "बट यू डिड द सर्व्हे."

"यस सर. विदाउट आस्किंग एनीबडी. गेट पास थांबला तो माझ्या चुकीने. स्टोअरकीपरच्या नाही." इंग्रजीत सांगितलं हेही, पण घाम मराठीतच फुटला होता.

"सो व्हॉट इज ॲडमिन्स डिस्कव्हरी?"

"नथिंग, सर. ॲडमिन वॉज लेट."

एसीची जाळी, आमचीच, तेवढी घरघरत होती. साहेब पडद्याजवळ गेले आणि फोटोकडे वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "इज दॅट मिंट?"

मागून काकांचा आवाज आला, "यस सर. ट्वेल्व थर्टी. कम अँड ॲस्क."

पट्टी राहिली. कॉफी लाउंज दुसऱ्या मजल्यावरच्या फायलींच्या खोलीत गेला. ती खोली आयटीवाल्यांनी 'डिस्कव्हर' केली, त्यामुळे बक्षीस त्यांना. त्या फायली माझ्या होत्या. मला कुणी विचारलं नाही. काकांनी केकचे अकरा तुकडे मोजून रिकाम्या डब्यात भरले.

"केक कशाचा ते न विचारताच भरलात?" मी टोमणा मारला.

"विचारलं. व्हॅनिला."

त्या वर्षी त्यांच्या व्हिसाच्या कागदावर सही झाली. पुढच्या वर्षी झाली नाही. रिस्ट्रक्चरिंग असं कारण सांगण्यात आलं. काकांना त्याबद्दल संशय होता, मला अजूनही आहे. मॅनेजरची जागाही त्याच रिस्ट्रक्चरिंगमध्ये विरघळली. सासूबाईंना आम्ही अजून कळवलेलं नाही.

जायच्या दिवशी मी त्यांना एअरपोर्टवर सोडायला निघालो. काका दार उघडून पुढच्या सीटवर बसले. माझी नजर सवयीने आरशातच गेली.

"बस कर आरशात बघणं," म्हणाले. "आता आहे तुझ्या चुकांत वाटा."

एअरपोर्टला उतरताना त्यांनी ते रजिस्टर माझ्या हातात दिलं. नव्या स्टोअरकीपरला कॉम्प्युटर दिलाय, तो फेकून देईल, म्हणाले. घरी येऊन चाळलं. त्या सोमवारच्या पानावर, त्यांच्या बारीक अक्षरात, एक नोंद होती. वस्तू: पुणेकर, एक. कुठून उचलला: उचलला नाही. आपणहून आला. सहीची जागा मोकळी होती. मी सही केली.

आता दोन डबे माझ्या पिशवीत असतात. बायको विचारते, दुसरा कुणाला? अकाउंट्सच्या बाईंना म्हणे संशय आहे, की मी तो विकतो. साडेबाराला मागच्या दाराकडे जाताना मी रोज साहेबांच्या केबिनमध्ये डोकावतो.

"सर, लंच? ॲट द बॅक?"

साहेबांचं अरबी आता बरंच सुधारलंय. ते स्क्रीनवरून मान वर करतात, छान हसतात आणि म्हणतात, "इन्शाल्ला."

डबा आम्ही संपवतो. पण आणतो रोज.